सायलेन्सरचं भरीत

१९ जानेवारी, रविवार

रंग गेला! सायलेन्सरचा. पुढच्या पाईपच्या जोडापाशी तळहाताएवढा पोपडा सुटलाय. खाली वाकून बोट लावलं तर अख्खा हातात आला. बसवून तीन महिनेही झाले नाहीत अजून.

कोकिळाला हाक मारली. ती आली, पदर सावरून वाकली, नीट बघितलं आणि म्हणाली, "भरीत झालंय याचं. भाजल्या वांग्याची साल अशीच निघते." वर पुन्हा — "कांद्याची पात आणू का?"

चौतीस वर्षं झाली लग्नाला. या बाईच्या मनात गाडीबद्दल काडीचा आदर नाही.

२० जानेवारी

"एवढं काय त्यात," म्हणते. एवढं काय! एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरची पद्मिनी आहे. सायीसारखा रंग, आतून लाल सीटा. कॉलनीतली पोरं नव्या गाड्यांकडे ढुंकून बघत नाहीत, हिच्यापाशी उभं राहून फोटो काढतात. जुना सायलेन्सर कुजून गळून पडला, नवा तसा कुठे मिळेना, तेव्हा धुळ्याच्या छगन मिस्तरीकडून दिवाळीनंतर हाताने बनवून घेतला. दोन दिवस त्याच्या शेडमध्ये ठिय्या देऊन बसलो होतो. "आवाज भारदस्त पाहिजे," एवढंच सांगितलं होतं. त्याने तसाच काढून दिला. गाडी सुरू केली की घसा साफ करून कीर्तनकार बसल्यासारखं वाटतं.

आणि रंग निघाला! माझ्या गाडीचा! पस्तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. जळगावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवणारे हात माझ्याकडे शिकलेत.

छगनला फोन लावला. आवाज चढवूनच बोललो. तो शांत. "भाऊ, रंग गया ते गया, पाईप ते शे ना? गाडी लई या, देखी लेसूत."

देखी लेसूत! बघून घेऊ म्हणे! म्हणजे आपली चूक मान्यच नाही. म्हटलं, राहू दे. रंग मला कळतो.

२२ जानेवारी

घरातला चंदेरी रंग काढला, गेटला लावून उरलेला. पोपडे पॉलिश पेपरने घासले, जोडापाशी तर पाईप आरशासारखा चकचकीत केला, मग ब्रशने दोन हात दिले. पाठीवर झोपून. कोकिळा ओट्यावरून बघत होती.

"सर, आकाशाला निळा रंग द्यायचा राहिला," म्हणाली.

पण झालंय झकास. नव्यासारखं.

२३ जानेवारी

गेटचा रंग गेटलाच द्यावा.

आकाशवाणी चौकात सिग्नलला थांबलो आणि गाडीखालून धूर. पांढरा, जाड. मागचा रिक्षावाला उतरून पळत आला — "काका, उतरा, उतरा, पेटली!" चार लोक जमले. एकाने पाण्याची बाटली ओतली. मी सांगतोय, अरे रंग जळतोय, नुसता रंग! कोण ऐकतो?

घरी आल्यावर कोकिळाने काही विचारलं नाही. नाकाला पदर लावून फक्त खिडक्या उघडल्या. न विचारणं जास्त लागतं.

२४ जानेवारी

आज गाडी धुतली. रंगाबद्दल लिहिणार नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला जुन्या शाळेत गेलो. दोघं. गाडी मुद्दाम पटांगणात नेऊन लावली. नव्या हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "सर, गाडी अजून तरुण आहे." कोकिळा म्हणाली, "वरून."

येताना तिचं डोकं दुखायला लागलं. कपाळ धरून बसली. म्हटलं, भाषणं ऐकून दुखलं असेल — माझंही दुखतंय. ती म्हणे, "भाषणाला तर मी पेंगले होते. गाडीत बसलं की दुखतं." म्हटलं, चौतीस वर्षांत आज दुखायला लागलं?

हिला गाडीचा त्रास नाही, गाडीबद्दलच्या माझ्या प्रेमाचा त्रास आहे. असं मी बोललोसुद्धा. हसली, पण डोळे मिटूनच.

२९ जानेवारी

ललितच्या हार्डवेअरमध्ये गेलो. माझाच विद्यार्थी — चित्रकलेत जेमतेम पास. तो मला रंग शिकवतो! म्हणे, "सर, साधा ऑइल पेंट चालत नाही. हा घ्या, उष्णता सोसणारा. सहाशे डिग्रीचा." काळा स्प्रे. म्हटलं, दे.

दुपारी मारला. भरपूर मारला. एका ठिकाणी ओघळ आले, पण खालून कोण बघतंय?

३१ जानेवारी

फोड आले! कांजिण्या आल्यासारखे. जोडापाशी तर फोड फुटून आतला लोखंडी पाईप उघडा.

मी ललितच्या नावाने बोलत होतो तेवढ्यात कोकिळाने कचऱ्यातून तो रिकामा डबा काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागली. आधी जुना रंग पूर्ण खरवडा. गंज काढा. तेलकटपणा थिनरने पुसा. पातळ थर द्या, मध्ये वाळू द्या. नंतर थोडं थोडं तापवून रंग पक्का करा. वाचून झाल्यावर चष्मा काढला.

"यातलं तुम्ही काय केलंत?"

काही नाही. जुन्या रंगावर, तेलावर, धुळीवर मारला, आणि लगेच मेहरूण तलावापर्यंत फेरी मारून आलो. पस्तीस वर्षं पोरांना सांगत आलो — आधी कागद नीट ताणून घ्या, मग ब्रश. हे तिला आठवलं नाही म्हणून बरं.

आठवलं. जेवताना म्हणाली.

२ फेब्रुवारी, रविवार

सावद्याला लग्न. माझ्या मावसभावाच्या नातीचं. गाडीनेच गेलो, दुसरं काय. गारठा म्हणून काचा बंद. नशिराबाद सोडलं नाही तोच कोकिळा म्हणाली, काच खाली करा. म्हटलं, वारा लागेल. भुसावळ ओलांडल्यावर म्हणाली, थांबवा. उतरली, केळीच्या बागेच्या कडेला बसली आणि ओकली. चेहरा लालबुंद. पाचेक मिनिटं वाऱ्यावर बसली तर बरी झाली.

मी म्हटलं, सकाळी रिकाम्या पोटी दोनदा चहा घेतलास. ती म्हणाली, "हो."

नुसतं हो. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

लग्नात जिलेबी चांगली होती. येताना ती भाच्याच्या जीपमधून आली. मी एकटाच गाडीत, काच उघडी ठेवून, शीळ घालत. मला काही होत नाही. हे तिला मुद्दाम सांगितलं.

५ फेब्रुवारी

धुळ्याहून व्याह्यांचा फोन. प्रेमराजराव. दिपमालाला सातवा सरतोय, सोळा तारखेला घेऊन जा म्हणाले. आमची एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण माहेरी. कोकिळा सकाळपासून मेथीच्या लाडवांबद्दल बोलतेय.

पण फोन ठेवताना ते म्हणाले, "सर, तुमच्या राणीलाच घेऊन येणार ना? ऐकलंय, खालून फार नटलीय ती!"

दिपमालाने सांगितलं असणार. आणि हा माणूस तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता — अंगणात गाडी लागली की आधी गुडघ्यावर बसून खाली बघणार, मग "या, बसा" म्हणणार. त्यांना हे फोड दाखवू? शक्य नाही.

म्हणजे छगनकडे जाणं आलं. देखी लेसूत!

८ फेब्रुवारी, शनिवार

नीट लिहायला हवं.

सकाळी आठला निघालो. कोकिळा सोबत — छगनकडे काम होईतो दिपमालाला भेटू म्हणून. आज ऊन होतं, काचा उघड्या, तरी पारोळ्याच्या पुढे तिने डोकं मागे टेकवलं. विचारलं तर म्हणाली, काही नाही, चला.

छगनची शेड पारोळा रोडलाच आहे. पत्र्याची, समोर निंबाचं झाड. माणूस साठीचा, बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने कोकिळाला प्लास्टिकची खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बोलत होतोच — कसला रंग मारलास, माझी फजिती झाली, व्याही काय म्हणतील. त्याने ऐकून घेतलं. मग गाडी रॅम्पवर घ्यायला लावली आणि खाली शिरला.

मग खालूनच —

"भाऊ, हाऊ रंग कोनी मारा?"

"मी."

"दिखस."

दिसतंयच म्हणे! कोकिळा पदराआड हसली.

मग तो बाहेर आला, हात पुसले, आणि मला वाकायला लावलं. म्हणाला, मागच्या डब्यापाशी बघा. तिथे माझ्या काळ्या रंगाखाली त्याचा जुना चंदेरी रंग शाबूत होता. नखाने खरवडून दाखवला. आता इथे बघा — पुढच्या जोडापाशी. इथे त्याचा गेला, माझा चंदेरी गेला, काळा गेला. जे लावाल ते जातं.

"रंगना दोष नही शे. आठून गरम धूर भाईर ई राह्यना. त्याना पुढे कोनता रंग टिकाव?"

इथून धूर गळतोय हे दाखवायला त्याने इंजिन सुरू करायला सांगितलं. मागच्या नळीत ओलं फडकं कोंबून धरलं आणि जोडावर साबणाचं पाणी टाकलं. फसफस फेस आला. फेसाच्या मधोमध केसासारखी रेघ. बोटभर लांब. चीर!

ती चीर बरोबर कोकिळा बसते तिथे, तिच्या पायांखाली. वर गाडीच्या तळाला जुनं भोक आहे, रबरी बूच कधीच निघून गेलेलं. मला माहीत होतं. चटई टाकली होती मी त्यावर.

छगनने इंजिन बंद केलं. माझ्याकडे न बघता कोकिळाकडे वळला.

"वहिनी, गाडीमा बठनात का तुम्हनं डोकं दुखस?"

ती म्हणाली, "हो."

"मळमळ?"

"हो. एकदा ओकलेपण."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

तो खाली बसला. मग मला म्हणाला, भाऊ, या धुरातला विषारी गॅस दिसत नाही, त्याला वास नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. काचा बंद करून लांब गेला असता तर... धुळ्यातला कोणीतरी माणूस त्याच्या डोळ्यासमोर आला असावा, तसा त्याचा चेहरा झाला.

सोळा तारखेला त्या सीटवर दिपमाला बसणार होती. पोटात बाळ घेऊन. गारठा लागू नये म्हणून काचा मीच बंद केल्या असत्या.

कोकिळा माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं.

छगन चीर परत निरखायला लागला. चष्मा वर करून, अगदी जवळून. म्हणाला, "भाऊ, गाडी कोठे आपटनी का? दगड? गतिरोधक?" खालचा पाईप मी पॉलिश पेपरने घासून घासून गुळगुळीत केला होता, त्यावर काही खूण राहिली नव्हती.

मी म्हटलं, "छे! माझी गाडी आपटत नाही."

"मंग मना टाका कच्चा राह्यना," तो म्हणाला. "मनी चूक शे." हातातला चष्मा किती वेळ पुसत राहिला. पस्तीस वर्षांत वेल्डिंगचा असा टाका सुटला नव्हता म्हणाला. मग कोकिळापुढे जाऊन हात जोडले त्याने — "वहिनी, माफ करा."

ती म्हणाली, "अहो भाऊ, तुमच्यामुळेच तर कळलं."

त्याने तो जोड कापून पूर्ण नवा पाईप घातला. तळाचं भोक पत्रा लावून बंद केलं. साबणाच्या पाण्याने तीनदा तपासलं. यात दिवस गेला; दिपमालाला भेटणं राहिलंच, कोकिळाने तिला फोनवरच सगळं सांगितलं. मजुरीचं नाव काढू दिलं नाही. रंग मात्र नाही मारला. म्हणाला, रंग तुम्ही मारा, पण डबा वाचीसन.

९ फेब्रुवारी

कोकिळाला म्हटलं, चुकलं माझं. तू सांगत होतीस.

ती तूर निवडत होती. म्हणाली, "चौतीस वर्षांत एकदा तरी म्हणालात. तारीख लिहून ठेवा."

ठेवली.

१० फेब्रुवारी

दोघं गाडीने भुसावळपर्यंत जाऊन आलो. मुद्दाम. ती पुढेच बसली. दर पाच मिनिटांनी मी विचारतोय — दुखतंय? — नाही. — आता? — नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "आता दुखायला लागलं. तुमच्या विचारण्याने."

एवढं बरं वाटलं!

१२ फेब्रुवारी

कामाला लागलो. डबा वाचून. म्हणजे कोकिळा वाचते, मी करतो.

तारेच्या ब्रशने जुना रंग, फोड, ओघळ सगळं खरवडलं. पूर्ण दिवस गेला. माझ्याच हाताचे तीन थर! खाली छगनचा चंदेरी थर लागला — पातळ, एकसारखा, कुठेही ओघळ नाही. तो खरवडताना वाईट वाटलं. मिस्तरी माणूस, पण हात माझ्यापेक्षा हलका.

कोपऱ्या सोलल्या. पाठ धरली. कोकिळा म्हणते, आता तुमच्यावरच एक थर मारू.

१३ फेब्रुवारी

थिनरने पुसलं. दोनदा. फडकं पांढरं निघेपर्यंत. मग स्प्रे — एक थर, इतका पातळ की लोखंड दिसत राहिलं. वीस मिनिटं थांबायचं. मला धीर कुठला? डबा उचलला की ओट्यावरून आवाज — "सर, बारा मिनिटं झालीत."

तीन थर. ओघळ नाही. शाळेत असतो तर स्वतःला दहापैकी साडेनऊ दिले असते.

१४ फेब्रुवारी

आज तापवणं. हेच खरं काम, नवा डबा देताना ललित म्हणाला होता. रंग एकदम तापवला की उठतो. आधी दहा मिनिटं इंजिन जागेवर चालू, मग पूर्ण थंड. मग वीस मिनिटं, थंड. मग अर्धा तास. अंगणातच, गेट सताड उघडं, कोकिळा लांब ओट्यावर घड्याळ घेऊन. मीच तिला लांब बसवली.

मधल्या वेळात दोघं बसून शेंगा खाल्ल्या. बोललो. दिपमालाला काय नाव आवडेल, मुलगा झाला तर, मुलगी झाली तर. किती दिवसांत असं बसलो नव्हतो! गाडी थंड होण्याची वाट बघणं हे चांगलं काम आहे.

संध्याकाळी बोट फिरवलं. रंग दगडासारखा. नखाने खरवडलं, निघत नाही. कोकिळाला बोलावलं. तिने वाकून बघितलं, बोट लावलं, बोट बघितलं.

"छान," म्हणाली. एवढंच. पण चेष्टा नाही केली. मेडल मिळाल्यासारखं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

दिपमाला आली! मागच्या सीटवर उशा लावून, कोकिळाला टेकून. काचा अर्ध्या उघड्या. चाळीसच्या वर गाडी नेली नाही. एक बैलगाडी मागून येत होती, तिला बहुतेक हॉर्न द्यावासा वाटला असेल. दिपमाला म्हणाली, "पप्पा, अशाने बाळ रस्त्यातच शाळेत जायला लागेल."

धुळ्याला व्याहीबुवा अगदी तसेच! आधी गुडघ्यावर. खाली वाकून बघितलं, बोट फिरवलं, उठले, म्हणाले, "सर, हा रंग कोणी मारला?" म्हटलं, मी. "दिखस" म्हणाले नाहीत. "वा!" म्हणाले. तोंडभरून!

मग चहा घेताना चिरेचा विषय निघाला. दिपमालाने सगळं सांगितलं होतं. प्रेमराजरावांचा चेहरा उतरला. "माझी सून बसणार होती त्यात. नातवंड." मग विचारलं, "चीर पडली कशाने?"

सगळे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, टाका कच्चा राहिला होता.

"छगनचा?" ते म्हणाले. "मी तर त्याचं नाव दिलं होतं इथल्या एका शाळेच्या गाड्यांसाठी. सहा गाड्या. सगळ्यांचे सायलेन्सर बदलायचेत. नाही, लेकराबाळांची गाडी आहे, आता नाही सांगणार. उद्याच फोन करतो संस्थेत."

कोकिळा म्हणाली, "अहो, त्यानेच शोधून दिलं हो. चांगला माणूस आहे."

"माणूस चांगला असेल वहिनी. हात गेला त्याचा."

मी चहा पीत राहिलो.

१७ फेब्रुवारी

दिपमालाला भरीत हवं होतं. केलं. घरात पुन्हा तीन जणांचा आवाज.

१९ फेब्रुवारी

छगनचा फोन. "वहिनीसनं डोकं कसं शे?" चांगलं आहे म्हटलं. "पोरगी ऊनी?" आली म्हटलं.

मग म्हणाला, दिवाळीपासून ज्यांची ज्यांची कामं केली त्या सगळ्यांना फोन करून बोलावलंय, प्रत्येक टाका परत तपासतोय. अकरा गाड्या बघितल्या. एकही सुटलेला नाही. "मंग तुम्हनाच कसा सुटना भाऊ? मले समजी नही राह्यनं." आता वेल्डिंग करताना हात थांबतो म्हणाला. शाळेच्या गाड्यांचं काम गेलं, त्याबद्दल एक शब्द नाही.

म्हटलं, होतं कधीकधी. फोन ठेवला.

कोकिळाने विचारलं, कोण होतं? म्हटलं, छगन. तुझी चौकशी करत होता. ती म्हणाली, "बघा, किती जीव लावतो माणूस."

२१ फेब्रुवारी

रंग शाबूत आहे. एक पापुद्रा नाही. कॉलनीतले देशमुख बघायला आले, फोटो काढला. दिपमाला म्हणते, पप्पा आता दुकान टाका.

कुणी वाकून खाली बघायला लागलं की मला आत जावंसं वाटतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

ललित घरी आला होता, पेढे घेऊन. त्याच्या दुकानात आता माझं नाव सांगून तो स्प्रे विकतो — "आमच्या सरांनी मारलाय, जाऊन बघा." हसलो. तो गेल्यावर कोकिळा म्हणाली, "चार दिवस झाले, तुम्ही मला एकदाही चिडवलं नाहीत. बरं नाही का?"

म्हटलं, पाठ दुखतेय.

२४ फेब्रुवारी

या वहीतसुद्धा खोटं लिहिलं मी.

टाका कच्चा नव्हता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी नशिराबादपाशी मी एका मोटारसायकलवाल्याशी शर्यत लावली. बासष्टाव्या वर्षी! पुढचा गतिरोधक दिसलाच नाही. खाली लोखंड आपटल्याचा आवाज आला, मोठा. ऐकला मी. उतरून बघितलंही नाही. छगनने विचारलं तेव्हा कोकिळा समोर बसली होती. जीभ उचलली नाही.

आज सकाळी चहा देताना तिला सगळं सांगितलं. गतिरोधक, आवाज, छगनला म्हटलेलं "छे", सगळं. तिने चहा संपवला. मग कप विसळला, दिपमालाला म्हणाली, संध्याकाळपर्यंत येतो. चप्पल घातली, बाहेर गेली, गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसली.

मी दारातच उभा.

"चला," म्हणाली. "आधी छगनभाऊंकडे. मग व्याह्यांकडे. बोलायचं तुम्ही. मी शेजारी बसते."